होम ऑटोमेशनची सुरुवात: कॉम्प्युटरला कोणता डोंगल जोडायचा आणि कुठे?

घरातले दिवे, प्लग आणि सेन्सर कॉम्प्युटरवरून चालवायचे, तर त्या कॉम्प्युटरला त्यांच्याशी बोलता आलं पाहिजे. साध्या कॉम्प्युटरमध्ये वाय-फाय असतं, ब्लूटूथ असतं, पण झिगबी किंवा झेड-वेव्हचा (कमी विजेवर चालणाऱ्या घरगुती उपकरणांच्या बिनतारी भाषा) रेडिओ नसतो. तो पुरवणारं अंगठ्याएवढं यूएसबी उपकरण म्हणजे डोंगल. कुणी त्याला स्टिक म्हणतं, झिगबीवाले कोऑर्डिनेटर म्हणतात, झेड-वेव्हवाले कंट्रोलर, काम एकच. नवीन माणूस बहुधा आधी डोंगल मागवतो आणि मग त्याच्याशी जुळणारी उपकरणं शोधत बसतो. क्रम उलटा हवा. शिवाय मॉडेलवर जेवढा खल होतो, तेवढा तो घरात कुठे ठेवायचा यावर होत नाही, आणि पुढचा बराचसा त्रास तिथूनच सुरू होतो.

आधी डोंगल लागतो का, ते ठरवा

एक कागद घ्या आणि पहिल्या सहा महिन्यांत काय काय बसवायचं आहे ते लिहून काढा. प्रत्येक वस्तूसमोर खोली आणि ती विजेवर चालणार की बॅटरीवर, एवढंच लिहा.

यादीत फक्त विजेवर चालणारे पाच-सात प्लग आणि स्विच असतील, तर डोंगल घेऊच नका. शेलीची उपकरणं किंवा टास्मोटा, ईएसपीहोम यांसारखं फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) असलेले प्लग घरच्या वाय-फायवरून थेट तुमच्या कॉम्प्युटरशी बोलतात. मॅटर या अनेक कंपन्यांच्या सामायिक मानकाचा शिक्का असलेली वाय-फाय उपकरणंही याच गटात येतात.

गणित बदलतं ते बॅटरीवाल्या वस्तू आल्या की. दाराचा सेन्सर, हालचाल ओळखणारा सेन्सर, तापमापक, पाणीगळतीचा सेन्सर ही सगळी मंडळी बहुतांश वेळ झोपलेली असतात आणि क्षणभर जागी होऊन निरोप देतात. वाय-फायला जोडणी करण्यातच इतकी वीज जाते की छोटी बॅटरी टिकत नाही. झिगबीचा दाराचा सेन्सर मात्र एका बटण सेलवर वर्ष-दीड वर्ष सहज चालतो. यादीत असे दोन-तीन सेन्सर दिसले की डोंगल घ्यायचा.

कंपनीचा तयार हब (सगळ्या उपकरणांशी बोलणारी मधली पेटी) घेतला तर चालणार नाही का? चालतो. पण तो घरातल्या घरात काम करतो की प्रत्येक आदेश कंपनीच्या सर्व्हरवरून फिरवून आणतो, हे आधी बघा. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि तिच्या हबवर अवलंबून असलेल्यांची ॲप्स रातोरात निकामी झाली. ज्यांनी त्याच कंपनीचा मोडेम थेट कॉम्प्युटरला जोडून घरचं सॉफ्टवेअर चालवलं होतं, त्यांचे दिवे लागत राहिले.

झिगबी, झेड-वेव्ह की थ्रेड

कुठे अडलं नसेल तर झिगबी घ्या. उपकरणं सर्वांत जास्त, किंमती उतरलेल्या, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकाच डोंगलवर नांदतात. विजेवर चालणारं जवळपास प्रत्येक झिगबी उपकरण स्वतः संदेश पुढे पाठवतं (त्याला राउटर म्हणतात), त्यामुळे वस्तू वाढतील तसं जाळं दाट होतं. उणीव एकच: ते २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे वाय-फायच्याच गर्दीत.

झेड-वेव्ह साधारण ८६५ ते ९२६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. भिंतींतून चांगलं जातं, वाय-फायशी भांडत नाही, आणि दाराच्या कुलपांसाठी अनेकजण त्यालाच पसंती देतात. साध्या झेड-वेव्ह जाळ्यात २३२ उपकरणं बसतात. घरासाठी ती मर्यादा कधी आड येत नाही. आड येते ती फ्रिक्वेन्सी. युरोपात ८६८, अमेरिकेत ९०८, भारतात ८६५ मेगाहर्ट्झ अशी प्रत्येक प्रदेशाची वेगळी आहे, आणि एका प्रदेशाचं कुलूप दुसऱ्या प्रदेशाच्या स्टिकला ऐकूच येत नाही. परदेशातून स्वस्तात मागवलेली झेड-वेव्ह वस्तू बहुतेक वेळा इथेच अडकते. शिवाय ७०० आणि ८०० मालिकेच्या चिप असलेल्या काही स्टिकमध्ये प्रदेश सॉफ्टवेअरमधून निवडावा लागतो; तो न निवडता पेअरिंग करत बसलात तर काहीही सापडणार नाही.

थ्रेड हे मॅटरच्या उपकरणांसाठीचं रेडिओ जाळं. मॅटरची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. थ्रेडसाठी बॉर्डर राउटर (थ्रेडचं जाळं घरच्या नेटवर्कला जोडणारा दुवा) लागतो, आणि झिगबीच्या अनेक डोंगलवर फर्मवेअर बदलून तो बनवता येतो. एकाच डोंगलवर झिगबी आणि थ्रेड दोन्ही चालवण्याच्या फर्मवेअरच्या नादी लागू नका. ऐकायला छान वाटतं, चालायला डळमळीत आहे. दोन्ही हवे असतील तर दोन डोंगल.

राहिले जुने प्रकार. एक्स-१० ही पद्धत १९७५ पासूनची; ती घरातल्या विजेच्या तारांतूनच संदेश पाठवते आणि तिचा सीएम-११-ए नावाचा इंटरफेस कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टला जोडतात. घरात आधीपासून एक्स-१० चे स्विच असतील तर वापरा, नव्याने घेऊ नका. वापरणार असाल तर तो इंटरफेस थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. सर्ज प्रोटेक्टर किंवा यूपीएसमधले फिल्टर त्याचा सिग्नल गिळून टाकतात. ४३३ मेगाहर्ट्झचे रिमोट आणि प्लग स्वस्त असतात, पण त्यांतले बहुतेक एकतर्फी: आदेश गेला हे कळतं, दिवा खरंच लागला का हे कळत नाही.

खोक्यावरचं नाव सोडा, आतली चिप बघा

झिगबी डोंगलच्या बाजारात नावं पुष्कळ, पण आत बहुधा दोनच घराणी. एक टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं: सीसी-२६५२-पी आणि तिच्या बहिणी. दुसरं सिलिकॉन लॅब्सचं: ईएफआर-३२-एमजी-२१ आणि त्यापुढची एमजी-२४. दोन्ही उत्तम. सोनॉफच्या दोन सारख्या दिसणाऱ्या डोंगलपैकी 'पी' मध्ये पहिली चिप आहे आणि 'ई' मध्ये दुसरी, म्हणून मागवताना शेवटचं अक्षर नीट वाचा. कॉनबी किंवा होम असिस्टंट या घर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा डोंगल घेतला तरी चालेल.

टाळायची एकच: सीसी-२५३१. जुन्या लेखांमुळे अजून खपते. तिला थेट जोडलेली वीसेक उपकरणं झाली की ती धापा टाकू लागते. सीसी-२६५२ वर थेट पन्नासच्या आसपास आणि राउटर धरून दोनशेपर्यंत उपकरणं सुखाने राहतात.

जाहिरातीत २० डीबीएम ताकदीचा डंका पिटलेला असतो. त्याला फार भुलू नये. डोंगल कितीही मोठ्याने ओरडला तरी सेन्सरचा क्षीण आवाज त्याला ऐकू आला पाहिजे ना! संवाद दुतर्फी असतो, त्यामुळे खरी पोच दोघांतल्या दुबळ्यावर ठरते. ताकदीपेक्षा बाहेरचा, स्क्रूने बसणारा अँटेना जास्त उपयोगी.

आता यूएसबी की नेटवर्कवाला? कॉम्प्युटर घराच्या साधारण मध्ये, उघड्यावर असेल तर यूएसबी. तो लोखंडी कपाटात, जिन्याखाली किंवा घराच्या एका टोकाला असेल तर इथरनेटचा कोऑर्डिनेटर घ्या. त्यात पीओई असेल तर एकाच केबलमधून वीज आणि डेटा दोन्ही जातात आणि तो छताजवळही लावता येतो. अशा कोऑर्डिनेटरमध्ये वाय-फायने जोडायची सोयही दिलेली असते, ती वापरू नका. मध्येच वाय-फाय क्षणभर तुटलं की सॉफ्टवेअरचा डोंगलशी संपर्क जातो आणि जाळं गोंधळतं. त्याचा पोर्ट इंटरनेटवर उघडायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

सॉफ्टवेअर आधी, डोंगल नंतर

कॉम्प्युटर चोवीस तास चालू राहणारा हवा: रास्पबेरी पाय ४ किंवा ५ (तळहाताएवढा कॉम्प्युटर), नाहीतर जुना मिनी पीसी. रोजच्या वापराचा लॅपटॉप नको, तो झोपला की घर झोपतं. पायला मूळ चार्जरच द्या, पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअर. मोबाइलच्या चार्जरवर व्होल्टेज पडतं आणि डोंगल मधूनच गायब होतो. दोष मात्र डोंगलला दिला जातो.

त्यावर होम असिस्टंट, ओपनहॅब किंवा डोमोटिक्झ यांपैकी एक सॉफ्टवेअर. होम असिस्टंट घेतलं तर झिगबीसाठी पुन्हा दोन मार्ग आहेत. झेडएचए आतच असतं आणि पाच मिनिटांत चालू होतं. झिगबी-टू-एमक्यूटीटी वेगळं बसवावं लागतं, सोबत एमक्यूटीटी ब्रोकर (प्रोग्रॅममधले निरोप पोचवणारा मध्यस्थ) लागतो, पण उपकरणांची बारीकसारीक सेटिंग जास्त मिळतात. सुरुवात झेडएचएने करायला हरकत नाही. फक्त एकाच डोंगलवर दोन्ही लावू नका. डोंगल कॉम्प्युटरला सिरियल पोर्ट म्हणून दिसतो, आणि तो एका वेळी एकाच प्रोग्रॅमचा असतो. दुसऱ्याने हात घातला की 'पोर्ट व्यस्त आहे' अशी तक्रार येते किंवा दोघेही लटकतात. होम असिस्टंट डोंगल ओळखून आपणहून झेडएचए सुचवतं आणि लोक घाईत होकार देतात. गोंधळाची सुरुवात तिथेच.

मागवण्याआधी तुमच्या सॉफ्टवेअरच्या मान्य डोंगलच्या यादीत ते मॉडेल आहे ना, एवढं तपासा. मग ही यादी पुरे:

- डोंगल, १
- यूएसबी २.० ची चांगली शिल्ड असलेली एक्स्टेन्शन केबल, १ ते २ मीटर, १
- विजेवर चालणारे स्मार्ट प्लग, २ (राउटर म्हणून)
- बॅटरीवाला सेन्सर, चाचणीसाठी, १

दहा सेन्सर एकदम मागवू नका. हा छोटा संच आठवडाभर नीट चालला की पुढचं.

एक्स्टेन्शन केबल का हवीच

केबल पाहून लोक म्हणतात, डोंगल थेट लागतो की, मग हे लोढणं कशाला? कारण यूएसबी ३ चे पोर्ट, त्यांच्या केबल आणि त्यांना जोडलेल्या डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डोंगल निळ्या पोर्टमध्ये खोचला आणि शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये एसएसडी असली, तर रेडिओच्या कानाशी कुणीतरी सतत थाळी बडवतंय अशी गत होते. डोंगल बोलू शकतो, पण दूरच्या सेन्सरचं ऐकू शकत नाही. म्हणून लक्षणं फसवी असतात: दिवे आदेश पाळतात, सेन्सर मात्र अधूनमधून गप्प होतात किंवा पेअरिंग निम्म्यावर अडकतं.

उपाय अगदी साधा. काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टमध्ये केबल लावा आणि डोंगल कॉम्प्युटर, डिस्क आणि वाय-फाय राउटर या तिघांपासून किमान मीटरभर लांब न्या. टीव्हीच्या मागे, लोखंडी रॅकवर किंवा फ्रिजला टेकवून नको. टेबलाच्या उंचीला, मोकळ्या जागी, अँटेना उभा ठेवून. झेड-वेव्हची स्टिक वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असली तरी तिलाही केबलवरच लावा. दोन डोंगल एकमेकांना चिकटून ठेवू नका.

चॅनेल एकदाच, आधीच निवडा

झिगबीला ११ ते २६ असे सोळा चॅनेल आहेत. वाय-फायचा चॅनेल १ झिगबीच्या ११ ते १४ वर पसरतो, वाय-फायचा ६ हा १६ ते १९ वर, आणि ११ हा २१ ते २४ वर. मधल्या फटींत राहतात झिगबीचे १५, २० आणि २५. यांतला तुमच्या वाय-फायपासून लांबचा घ्या: वाय-फाय १ वर असेल तर २० किंवा २५, वाय-फाय ११ वर असेल तर १५. २६ मोकळा दिसतो म्हणून मोह होतो, पण काही उपकरणं तिथे कमी ताकदीने चालतात, काही येतच नाहीत.

झेडएचए आपणहून १५ घेतं, झिगबी-टू-एमक्यूटीटी ११. दुसरं वापरणार असाल तर पहिलं उपकरण जोडण्याआधी आकडा बदला आणि नेटवर्क की (जाळ्याची गुप्त किल्ली) सुद्धा नव्याने तयार करून घ्या. वाय-फायच्या राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा. ४० वर ठेवली की वर सांगितलेल्या फटी बुजतात. आणि 'ऑटो' चॅनेल बंद करा, नाहीतर राउटर एखाद्या रात्री स्वतःच जागा बदलतो.

बसवणी

१. डोंगल केबलसकट जोडा. लिनक्सवर तो 'टीटीवाय-यूएसबी-शून्य' किंवा 'टीटीवाय-एसीएम-शून्य' अशा नावाने दिसतो. सेटिंगमध्ये हे नाव देऊ नका. दोन डोंगल असतील तर रीस्टार्टनंतर शून्य आणि एकची अदलाबदल होऊ शकते आणि झिगबीचं सॉफ्टवेअर झेड-वेव्हच्या स्टिकशी बोलायला जातं. 'सिरियल बाय-आयडी' फोल्डरमधला लांबलचक पत्ता द्या. क्वचित दोन डोंगलचा सिरियल क्रमांक एकच निघतो; तेव्हा पोर्टवरून ठरणारा 'बाय-पाथ' पत्ता द्या आणि पोर्ट बदलू नका.

२. परवानगी नाही असं आलं, तर सॉफ्टवेअर चालवणारा युजर 'डायलआउट' गटात टाका. डॉकरमध्ये चालवत असाल तर डोंगलचा तोच लांब पत्ता कंटेनरला द्यावा लागतो. डेस्कटॉप लिनक्सवर 'मोडेम मॅनेजर' नावाची सेवा डोंगलला मोडेम समजून त्याच्याशी बोलू पाहते. ती बंद करा.

३. फर्मवेअरची आवृत्ती बघा. फारच जुनी असेल तर आत्ताच बदला, जाळं रिकामं असताना. चालू घरात दर महिन्याला नवं फर्मवेअर टाकायची हौस नको.

४. आधी विजेवरची उपकरणं जोडा, जवळून लांब अशा क्रमाने. प्लग जिथे कायमचा राहणार तिथेच लावून पेअर करा.

५. मग सेन्सर, तोही त्याच्या शेवटच्या जागी. टेबलावर डोंगलशेजारी पेअर करून मग गच्चीच्या दाराला चिकटवलेला सेन्सर कधी कधी जुन्या जोडणीलाच धरून बसतो आणि दोन दिवसांनी हरवतो.

६. पेअरिंग चालू असताना सेन्सर झोपू देऊ नका. बटण दर दोन-तीन सेकंदांनी हलकेच दाबत राहा, 'इंटरव्ह्यू पूर्ण' दिसेपर्यंत (इंटरव्ह्यू म्हणजे सॉफ्टवेअर सेन्सरला त्याची माहिती विचारतं तो टप्पा). नाव दिसलं पण तापमान, बॅटरी असे आकडेच नाहीत, याचा अर्थ इंटरव्ह्यू अर्धा राहिला. तो काढून पुन्हा जोडा.

झेड-वेव्हमध्ये एक पायरी जास्त. वस्तू नवी असली तरी आधी 'एक्सक्लूजन' (जाळ्यातून काढणं) करा, मग 'इन्क्लूजन' (जाळ्यात जोडणं); कारखान्यातल्या चाचणीत ती दुसऱ्या जाळ्यात जोडलेली राहिलेली असू शकते. कुलपासाठी एस-२ सुरक्षा निवडा आणि तयार झालेल्या कीज लिहून ठेवा. अर्धवट फसलेलं इन्क्लूजन मागे भुताटकीसारखा मृत नोड (नसलेल्या उपकरणाची नोंद) सोडतं. तो यादीतून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर संदेश त्याला शोधत फिरतात आणि सगळं मंदावतं.

नंतर काय बिघडतं

सगळ्यांत जास्त वेळा आढळणारं कारण: झिगबीचा स्मार्ट बल्ब भिंतीवरच्या स्विचने बंद होतो. बल्ब हाही राउटर आहे. त्याच्यामार्फत बोलणारे दोन सेन्सर त्याच क्षणी निराधार होतात, आणि घरच्यांनी दिवा घालवला एवढंच घडलेलं असतं. म्हणून जाळ्याचा कणा प्लगवर उभारा, बल्बवर नको. तसंच काही कंपन्यांचे, विशेषतः अकारा कंपनीचे जुने सेन्सर दुसऱ्या कंपनीच्या काही राउटरशी जमवून घेत नाहीत. ते तासाभराने सुटत असतील तर राउटर बदलून बघा.

सिग्नलचा आकडा ० ते २५५ मध्ये दिसतो. त्याच्या मागे फार लागू नका. प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने मोजते, आणि ४० दाखवणारा सेन्सर वर्षभर बिनतक्रार चालतो. निरोप चुकतात का, एवढंच बघा. चुकत असतील तर अध्ये-मध्ये एक प्लग वाढवा. डोंगल बदलणं हा शेवटचा उपाय.

बॅकअप

तुमच्या जाळ्याची ओळख, म्हणजे नेटवर्क की, जाळ्याचा क्रमांक आणि डोंगलचा स्वतःचा पत्ता, डोंगलमध्ये असते. तो जळला आणि बॅकअप नसला, तर घरातली प्रत्येक वस्तू रीसेट करून नव्याने जोडायची. छताच्या पेटीत बसवलेले रिलेसुद्धा. झेडएचए रेडिओचा बॅकअप आपोआप घेतं, झिगबी-टू-एमक्यूटीटी आपल्या डेटा फोल्डरमध्ये फाईल ठेवतं, झेड-वेव्हचं सॉफ्टवेअर झेड-वेव्ह जेएस, त्यात स्टिकच्या मेमरीचा बॅकअप आठवणीने घ्यावा लागतो. या फाईली त्याच मेमरी कार्डावर राहिल्या तर उपयोग नाही. त्या दुसऱ्या यंत्रावर पाठवा.

नवा डोंगल त्याच चिपच्या घराण्यातला असेल तर बॅकअप चढवणं सोपं जातं. सॉफ्टवेअर जुन्या डोंगलचा पत्ता नव्यावर लिहू का असं विचारेल. हो म्हणा, नाहीतर काही उपकरणं जुन्याच पत्त्यावर निरोप पाठवत राहतात. सिलिकॉन लॅब्सच्या काही डोंगलवर हा पत्ता एकदाच लिहिता येतो, त्यामुळे बटण दाबण्याआधी बॅकअपची तारीख बघून घ्या. आणि जुना डोंगल अजून जिवंत असेल तर तो पुसल्याशिवाय पुन्हा कुठेही लावू नका. एकाच ओळखीचे दोन कोऑर्डिनेटर एका घरात चालू राहिले की कोणता सेन्सर कुणाशी बोलतोय याचा पत्ता लागत नाही.